एका घराची एक वीट

वर्गणी मागणारं माणूस लांबून दिसलं की लोक दार लोटून घेतात, आणि घरात असलेला माणूस बाहेर गेल्याचे निरोप मुलांच्या तोंडून येतात. पावतीआत्याच्या वाट्याला असं फारसं कधी आलं नाही, कारण ती एका दारात आयुष्यात एकदाच जायची. तसं ती सांगूनच टाकायची. पायरीवर पिशवी ठेवून, घाम पुसून म्हणायची, "विज्ञान मंडळाच्या प्रयोगशाळेसाठी एक वीट मागायला आले आहे. एका घराची एकच वीट. जास्त दिलीत तर परत करीन. आणि पुन्हा तुमच्या दारात मागायला येणार नाही, हा माझा शब्द."

वीट म्हणजे विटेची किंमत. ती हातात पडली की आत्या तिथेच बसून पावती फाडायची. जास्त घेणार नाही म्हटल्यावर पैसेवाले जरा खट्टू व्हायचे आणि हातावर पोट असलेले ताठ व्हायचे. डॉक्टरांची एक वीट आणि डॉक्टरांच्या घरी भांडी घासणारीचीही एकच. भांडीवाल्या बाईने पावती घेताना आत डोकावून विचारलं होतं, "डॉक्टर, तुमची कोपऱ्यातली की मधली?"

आत्या मूळची छापखान्यातली बांधणीवाली. पावतीपुस्तकांची पानं जुळवायची, मधे फाडायची टिंबांची रेघ मारायची, दाभणाने भोकं पाडून शिवायची आणि पाठीला खळ लावून दाबाखाली ठेवायची, हे तिचं काम. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून धाकट्या भावाकडे राहायची. भावाचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान होतं आणि त्याच्या मागेच घर. भाचरं तिला आत्या म्हणायची, मग गल्ली म्हणायला लागली. आत्याच्या आधी पावती हा शब्द नंतर कधीतरी चिकटला.

विज्ञानाशी तिचं नातं जुळलं ते भांडणातून. छापखान्याच्या वरची खोली विज्ञान मंडळाने भाड्याने घेतली होती. मंडळ म्हणजे खरं तर शाळेत रसायन शिकवणारे एक मास्तर, खजिनदारी सांभाळणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ आणि एक डॉक्टर, जे अध्यक्ष होते आणि सभेला उशिरा यायचे. एक दिवस वरून पाणी गळलं आणि आत्याच्या जुळवून ठेवलेल्या पानांचा लगदा झाला. आत्या तरातरा जिना चढून गेली.

"तुमचे प्रयोग होतात आणि माझा पगार कापला जातो," ती म्हणाली.

मास्तर ओशाळले. त्यांनी तिच्या कानामागची लेखणी मागितली. टीपकागदाच्या पट्टीवर तिच्याच काळ्या शाईचा ठिपका दिला आणि पट्टीचं टोक पाण्यात बुडवून धरलं. पाणी कागदातून वर चढलं. ठिपक्यापाशी आलं आणि त्याच्यासोबत काळा रंगही वर सरकायला लागला. सरकता सरकता तो फुटला. खाली निळा राहिला, मधे जांभळा झाला आणि अगदी वर पिवळ्याची एक बारीक कड आली.

आत्या खुर्चीवर बसलीच. इतकी वर्षं ही शाई तिच्या बोटांना लागलेली होती. "एवढं सगळं एका काळ्यात भरून ठेवलंय होय त्याने," ती स्वतःशीच म्हणाली. 'त्याने' म्हणजे देवाने, हे मास्तरांना कळलं आणि त्यांनी वाद घातला नाही.

तेव्हापासून काम सुटलं की आत्या वर जायची. तिला समीकरणं कळायची नाहीत, पण माणसं कळायची. शिकलेले लोक जिना चढून सरळ आत येतात आणि बाकीचे खालीच घुटमळतात, हे तिने पाहिलं. मास्तरांचा निम्मा पगार बाटल्यांमध्ये जातो, हेही पाहिलं. मग एके दिवशी म्हणाली, "मास्तर, स्वतःची जागा पाहिजे. रस्त्यावर दार उघडणारी. कुणीही यावं, तपासायचं ते घेऊन."

"पैसे कोण देणार?"

"तेवढं माझ्यावर सोडा."

गावात त्याआधी एका गायन मंडळाने सभागृहासाठी वर्गणी गोळा केली होती. सभागृह झालं नाही, अध्यक्षांच्या घराला मात्र छान रंग लागला. त्यामुळे सुरुवातीला आत्याला सगळीकडे एकच प्रश्न यायचा, "हे पैसे खाणार कोण?" म्हणून तिने पावतीवर स्पष्ट छापून घेतलं: 'सर्वांना खुल्या असणाऱ्या प्रयोगशाळेच्या एका विटेसाठी. अन्य कशासाठीही नाही.' पुस्तकं तिनेच शिवली. लोकांनी छापलेलं वाचलं, तिचा शब्द ऐकला आणि हात सैल सोडला. नदीकाठच्या रंगाच्या कारखान्याच्या मालकांनीसुद्धा हसत हसत एक वीट दिली होती.

दहा-बारा वर्षं ती चालत राहिली. पिशवीचे बंद तुटायचे, ती पुन्हा शिवायची. शेवटी नगरपालिकेने जुन्या वीटभट्टीशेजारची पडीक जागा दिली, पण वर्षभरात इमारत उभी राहिली नाही तर जागा परत, या बोलीवर. मंडळाला वर्ष म्हणजे चैनच वाटली. भट्टीवाल्याकडून विटा घेतल्या, जागेवर रचल्या. लालभडक थप्प्या बघायला अख्खं गाव येऊन गेलं.

मग गवंडी आला. त्याने जागा मापली, थप्प्यांभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "चुना, वाळू कुठे टाकलीय?"

मास्तरांनी खजिनदारांकडे पाहिलं, खजिनदारांनी अध्यक्षांकडे.

"बरं, ते राहू द्या. छपराचं लाकूड? दारं? तावदानं?"

इतकी वर्षं सगळी मंडळी विटा मोजत होती. भिंत किती वर आली असती ते कागदावर काढून एकमेकांना दाखवत होती. भिंतीला भिंत धरून ठेवायला काहीतरी लागतं आणि वरून झाकावं लागतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मिठाचा कण तोलणाऱ्या मास्तरांच्याही नाही.

गवंडी म्हणाला, "नुसत्या रचायच्या असतील तर मला कशाला बोलावलंत? त्या तर रचलेल्याच आहेत." आणि तो आपली दोरी गुंडाळून निघून गेला.

थोडे पैसे शिल्लक होते. अध्यक्ष म्हणाले, त्यातून चुना घेऊ, चुना म्हणजे काय, विटेचाच भाग. खजिनदारांनी पावती समोर धरली. "अन्य कशासाठीही नाही. मी सही करणार नाही." सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "खजिनदार बरोबर आहेत. मी दारात उभं राहून सांगितलंय."

"मग पुन्हा दारात जा," अध्यक्ष म्हणाले.

"तेही सांगितलंय. जाणार नाही म्हणून."

घरी भावजय तिच्यावर चिडली. "वन्सं, जगात माणसं रोज शब्द फिरवतात. लोक काही खायला उठणार नाहीत तुम्हाला. आणि हा शब्द काय देवाला दिला होतात?"

"त्याच्यासमोरच दिला होता. तो काय फक्त देव्हाऱ्यात असतो?"

भाऊ हातातलं कुलूप घासत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, तू लावलेल्या कुलपाची किल्ली मलासुद्धा करता यायची नाही."

ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. लोक हसले. 'विटांचं विज्ञान मंडळ' असं नावही पडलं. आणि पुढच्याच आठवड्यात कारखान्याचे मालक स्वतः जिना चढून वर आले.

मोठं गोड बोलायचे ते. म्हणाले, "विटा तुमच्या, बाकी सगळं माझं. छप्पर, दारं, उपकरणं, सगळं. मास्तरांनी शाळा सोडावी, पगार मी देईन. माझं एकच म्हणणं आहे. काय तपासायचं ते कारखाना ठरवेल, आणि निकाल आधी माझ्या टेबलावर येतील."

कारखान्याचं पाणी नदीत जायचं. सोमवारी नदी निळी, गुरुवारी तांबडी. खालच्या अंगाला कपडे धुणाऱ्या बायकांच्या चादरींना डाग पडायचे आणि हातांना खाज सुटायची. त्यामुळे या अटीचा अर्थ सांगायची गरज कुणालाच नव्हती.

तरीही अध्यक्षांचे डोळे चमकले. मालक गेल्यावर मास्तरसुद्धा खिडकीशी जाऊन उभे राहिले. ते म्हणाले, "आत्या, हे काही आजचं नाही. पूर्वी राजाच्या पैशाशिवाय आकाशाकडे बघता येत नसे. दुर्बीण पाहिजे, वेधशाळा पाहिजे, मग राजाची कुंडली मांडून दे, लढाईचा मुहूर्त काढून दे. नवा तारा सापडला तर त्याला धन्याचं नाव दे. पुस्तकाची पहिली चार पानं धन्याची स्तुती, मग पाचव्या पानावर विज्ञान. पण पाचवं पान लिहून व्हायचं, हेही खरं."

"आणि त्या राजाला न आवडणारं पान?"

मास्तरांनी खिडकी लोटून घेतली.

"देवापुढच्या दिव्यात मी तेल घालते," आत्या म्हणाली, "म्हणून त्याने कुणाला पावायचं ते मी ठरवू का? तुम्हाला मोह पडला त्यात पाप नाही मास्तर. पण विटा मंडळाच्या नाहीत. ज्यांनी दिल्या त्यांना विचारू."

खजिनदारांनी मान हलवली आणि छापखान्यातून जाहीर सभेचं पत्रक निघालं: पावती असेल त्याने यावं. सभा विटांच्या जागेवर, रविवारी दुपारी.

एवढी माणसं येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा लोक थप्प्यांवर जाऊन बसले. न्हावी आला, टपालवाला आला, शाळेच्या बाई आल्या. काहींच्या पावत्या नव्याकोऱ्या, काहींच्या घडीवर फाटलेल्या. मालकही आले. तेही वीट देणारेच होते, त्यांना कोण अडवणार?

आधी मालक बोलले. छान बोलले. गावाचा मान, मुलांचं भविष्य, चकचकीत उपकरणं. टाळ्याही पडल्या. मग खजिनदारांनी आत्याला पुढे केलं. तिला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. एका दारात एका माणसाशी बोलायची होती.

"पावतीचा मजकूर माझा," ती म्हणाली. "विटेपलीकडे मला दिसलं नाही. मी आज तुमच्याकडे काही मागत नाही, मला मागता येत नाही. जागा उन्हाळा संपताना परत जाईल. मालक छप्पर घालतायत. अट तुम्ही ऐकलीत. त्या अटीवर तुमच्या विटा द्यायच्या का, तेवढं सांगा."

कुजबुज सुरू झाली. मागून इस्त्रीवाली आजी उठली. नदीवर कपडे धुवून इस्त्री करून घरोघर पोचवायचं तिचं काम, हात कोपरापर्यंत लालसर झालेले. तिने मालकांनाच विचारलं, "साहेब, माझ्या नदीचं पाणी तिथे तपासून मिळेल का?"

"आजी, तपासण्यासारखं जगात पुष्कळ काही आहे," मालक हसून म्हणाले.

"म्हणजे नाही."

"म्हणजे आधी बाकीचं."

"मग माझी वीट मला द्या," आजी म्हणाली. "खुल्या जागेसाठी दिली होती. चूल मांडायला तरी होईल." ती ज्या थप्पीवर बसली होती त्यातली एक वीट तिने उचलली, काखोटीला मारली आणि ती चालायला लागली.

क्षणभर कुणाला कळेना हसावं की काय करावं. मग न्हाव्याने एक उचलली. मग शाळेच्या बाईंनी, रुमालात धरून. बघता बघता रस्त्यावर माणसांची रांग लागली, प्रत्येकाच्या हातात एकेक वीट.

"अहो, एवढ्या विटा नेऊन करणार काय?" मालक म्हणाले. आवाजातला गोडवा जरा पातळ झाला होता.

"तुम्ही नुसतं छप्पर घालून काय करणार?" न्हावी म्हणाला आणि निघून गेला.

मालक गाडीत बसून गेले. अध्यक्षही कपाळाला हात लावून गेले. आत्या मात्र तिथेच उभी राहिली. थप्प्या निम्म्या झाल्या होत्या. लोकांनी नाही म्हटलं याने छाती भरून आली होती आणि तेच लोक तिच्या आयुष्याची बारा वर्षं एकेक करून घरी घेऊन चालले होते. उरलेल्या विटांत एक खोलीही उभी राहिली नसती. घरी येऊन तिने देवापुढे हात जोडले, पण काय मागावं ते तिला सुचेना. शेवटी "तुला ठाऊक आहे" एवढंच म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दुकानाची फळी काढायला गेला आणि तसाच परत आला. "ताई, बाहेर ये. माझ्याकडे आयुष्यात एवढं गिऱ्हाईक आलेलं नाही, म्हणजे हे तुझ्याकडेच आलेलं असणार."

दाराबाहेर इस्त्रीवाली आजी उभी होती. एका काखेत कालची वीट, दुसऱ्या मुठीत पैसे. तिच्या मागे गल्लीच्या वळणापर्यंत माणसं, तशाच विटा घेऊन.

"वीट परत घ्या," आजी म्हणाली. "मालकांना दाखवायला नेली होती. आणि हे बाकीच्या बांधकामाचे."

"आजी, मी मागणार नाही म्हणाले होते."

"तुम्ही मागताय कुठे? तुम्ही आमच्या दारात येणार नाही म्हणालात. आम्ही तुमच्या दारात यायचं नाही, असं कुठे म्हणालात?"

रांगेतून टपालवाला ओरडला, "आत्या, एकदाचा चुना लावून घ्या आम्हाला, कामावर जायचंय."

गल्ली हसली. आत्याही हसली आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. भावजय एव्हाना आतून पाट, पेन आणि कोरे कागद घेऊन आली होती, जणू हे तिला आधीपासूनच ठाऊक होतं. "बसा वन्सं, आणि आता नीट लिहा."

"काय लिहू?"

"लिहा," आजी म्हणाली, "चुना, छप्पर, दार, खिडकी, आणि आत्ता आठवत नाहीये तेसुद्धा."

तसंच लिहिलं गेलं. पुढे छापलंही तसंच. रक्कम पुन्हा प्रत्येकाची सारखी. ज्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते ते सुट्टीच्या दिवशी येऊन वाळू चाळून गेले, तर आत्याने त्याचीही पावती दिली. गवंडी स्वतःहून परत आला. त्याने दोरी बांधली आणि म्हणाला, "आता कसं बांधकाम वाटतंय."

रांग तिसऱ्या दिवशी ओसरत आली तेव्हा कारखान्याचे व्यवस्थापक एक जाड पाकीट घेऊन आले. सगळं गाव आत आणि आपण एकटे बाहेर, हे कुठल्या मालकाला परवडतं? "कसलीही अट नाही," ते म्हणाले. "मालकांनी स्वखुशीने दिलेत."

आत्याने पाकीट उघडलं, इतरांनी दिली तेवढी रक्कम काढून घेतली, पावती लिहिली आणि बाकीचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं.

"अहो, हे परत नेलं तर मालक माझ्यावर रागावतील."

"त्यांना सांगा, एका घराचं एकच. डॉक्टरांनाही तोच नियम आहे."

उन्हाळा संपायच्या आत छप्पर चढलं. उद्घाटनाला फीत कोणी कापायची यावर मंडळात थोडी कुरबुर झाली, मग फीतच लावली नाही. ठरलेल्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तरांनी दार उघडलं, बस्स. भिंती किंचित खडबडीत होत्या, एका खिडकीचं तावदान आखूड आलं होतं, आणि आत बाटल्या, नळ्या, तराजू असं सगळं लखलखत होतं. दारातून रस्ता दिसायचा आणि रस्त्यावरून आतलं सगळं दिसायचं. खाली घुटमळायला आता जिनाच नव्हता.

इस्त्रीवाली आजी पहिली आत गेली. तिने नदीच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, एक कारखान्याच्या वरच्या अंगाची, एक खालची. मास्तरांनी सगळ्यांसमोर तपासणी केली, काय करतोय ते सांगत सांगत. आत्या बाजूच्या बाकावर बसली होती. वरच्या अंगाच्या पाण्यात बुडवलेल्या टीपकागदाच्या पट्टीवर रंग चढलाच नाही. खालच्या पाण्यातल्या पट्टीवर निळ्याची आणि तांबड्याची सरळ रेघ चढत गेली आणि बाकावरची माणसं उठून पुढे आली. मग आम्ल किती, क्षार किती, हेही निघालं. मास्तरांनी निकाल स्वच्छ अक्षरात लिहून दारावर लावला.

दुसऱ्या दिवशी तो वाचायला एवढी गर्दी झाली की व्यवस्थापकांना वाट काढत यावं लागलं. त्यांनी कागद वाचला आणि ते आत आले. त्या कागदापायी कारखान्याला पुढे गाळ बसवायच्या टाक्या बांधाव्या लागल्या, चादरी पुन्हा पांढऱ्या निघायला लागल्या, पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी त्यांचा चेहरा नुसता तापलेला होता.

"हे तपासायला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मी," आजी म्हणाली.

"आणि कुणाच्या पैशांवर?"

मास्तर काहीतरी बोलणार होते, पण आत्याने बाकावरूनच उत्तर दिलं. "सगळ्यांच्या. तुमच्या मालकांचेही आहेत त्यात. दोन पावत्या आहेत बघा त्यांच्याकडे. त्यांचंही काही तपासायचं असेल तर खुशाल घेऊन यायला सांगा, फक्त रांगेत उभं राहावं लागेल."

व्यवस्थापकांनी मागे वळून पाहिलं. दारातून रस्त्यापर्यंत माणसं होती, कुणाच्या हातात विहिरीच्या पाण्याची बाटली, कुणाच्या पुडीत शेतातली माती, एकाकडे डब्यात भेसळीची शंका आलेलं पीठ. ते बाजूला झाले.

मास्तरांनी हात पुसले, नवी नळी उचलली आणि दाराकडे बघून विचारलं, "पुढचं कोण?"